जिना, भिशीची वही आणि उजवा हात: लालबागच्या एका काकूंची केस

काकू 72 वर्षांच्या. लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लाकडी जिना, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. घरात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लालबाग-परळ-शिवडी या भागात घरी जाऊन पेशंट बघते. ही केस सविस्तर लिहायचं कारण एकच, "वय झालं" या दोन शब्दांखाली एका बाईचे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम दोन वर्षं झाकले गेले होते, आणि तसे झाकलेले पेशंट मुंबईत प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक टॉवरमध्ये आहेत असं मला मनापासून वाटतं. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदललेत.

मला बोलावलं ते पडल्यामुळे. जुलैत पावसात गॅलरी ओली होती, काकू संडासला जाताना घसरल्या, कंबर आणि मनगट दुखावलं. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नव्हतं, पण घाबरून घरच्यांनी त्यांना जवळजवळ दोन आठवडे पलंगावरच ठेवलं, जेवण हातात, पाण्याचा तांब्या उशाशी, आणि नंतर उठवायला गेले तर उठताच येईना. मुलाचं म्हणणं, "मार लागला म्हणून आईचे पाय गेले." मार फार नव्हताच, पाय गेले ते मुख्यतः झोपवून ठेवल्यामुळे. 2007 मध्ये जामा या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, साधारण 67 वर्षांच्या चांगल्या धडधाकट माणसांना 10 दिवस नुसतं बेडवर ठेवलं तर त्यांच्या पायांतला जवळजवळ 1 किलो मसल गेला. धडधाकट माणसांचा. काकूंच्या पायांत तर आधीच फारसं काही शिल्लक नव्हतं.

पण मी इतिहास विचारायला बसले तेव्हा लक्षात आलं की गोष्ट जुलैची नाहीच. काकू चाळीतल्या बायकांची भिशी सांभाळतात, वर्षानुवर्षं हिशोब त्यांच्याच हातचा. वही मागितली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर अक्षर टपोरं, मोकळं, मग हळूहळू बारीक होत गेलेलं, आणि अलीकडच्या पानांवर ओळ सुरू होताना ठीक पण शेवटाकडे जाताना मुंगीएवढं. सून म्हणाली चष्म्याचा नंबर वाढलाय. चष्म्याचा नंबर वाढला की लोक बहुतेक अक्षर मोठं काढतात, बारीक नाही.

मग एकेक निघत गेलं. नात आजीशेजारी झोपते, ती म्हणाली आजी रात्री झोपेत ओरडते, हातपाय झाडते, एकदा तिला लाथ बसली होती. बद्धकोष्ठ खूप वर्षांपासून, इसबगोल चालूच. वास येत नाही, मागे गॅसवर सुकट करपून घरभर धूर झाला आणि काकू तिथंच बाजूला बसून होत्या, त्यांना कळलंच नाही. सगळ्यांनी हे वेगवेगळं धरलं होतं, ओरडणं म्हणजे वाईट स्वप्नं, वास नाही म्हणजे जुनी सर्दी, बद्धकोष्ठ तर काय सगळ्यांनाच असतं. हे तिन्ही एकत्र एकाच माणसात दिसले तर न्यूरोची वाट धरायला हवी, कारण पार्किन्सन्समध्ये हात थरथरायच्या किंवा अंग जड पडायच्या कितीतरी वर्षं आधी या गोष्टी सुरू होऊ शकतात. आणि थरथर? काकूंना थरथर नव्हतीच. लोकांच्या डोक्यात पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, हात हलत नाही म्हणजे कंपवात नाही, विषय संपला. प्रत्यक्षात बऱ्याच पेशंटना सुरुवातीला कंप नसतो, आजाराचा गाभा म्हणजे हालचाल मंदावणं आणि लहान होणं, त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा कंप यातलं काहीतरी.

त्या दिवशी मी काय काय मोजलं ते सांगते, कारण घरी टेप आणि घड्याळ घेऊन कुणालाही यातलं बरंच करता येतं. पोटरीचा घेर 29 सेंमी. सार्कोपेनिया म्हणजे वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज, त्यासाठी एशियन वर्किंग ग्रुप फॉर सार्कोपेनियाचे 2019 चे निकष मी वापरते, त्यात बायकांसाठी 33 सेंमीच्या खाली आणि पुरुषांसाठी 34 च्या खाली असेल तर शंका घ्यायची. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसणं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर कमी ताकद, काकूंना 24 लागले आणि तेही खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून उंची वाढवल्यावर. हाताची पकड माझ्याकडच्या डायनॅमोमीटरवर 11 किलो, बायकांची मर्यादा 18. गॅलरीत 6 मीटर मोजून खडूने खूण केली, ते चालायला 11 सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडं वर, निकष सेकंदाला 1 मीटर. वजन 46 किलो, दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या फाइलमध्ये 54 होतं. आठ किलो गेले आणि घरात सगळे म्हणत होते की आई आता हलकी झाली ते बरंच, गुडघ्यांवर भार नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. जो माणूस वजन कमी करायला म्हणून काही करत नाहीये, त्याचं या वयात आठ किलो वजन जाणं ही तपासायची गोष्ट आहे.

यावरून स्नायूंची झीज आहे हे तर उघड होतं. डेक्सा स्कॅन करून मसल नेमका किती उरलाय ते मोजता येतं, पण पोटरी, पकड आणि उठबस इतकी खराब असेल तर उपचार सुरू करायला स्कॅनसाठी थांबायची गरज नसते, त्याच निकषांत तसं म्हटलंय. स्कॅनचे पैसे अंड्यांना आणि दुधाला लावा असं मी घरच्यांना सांगितलं, आणि आजही तेच सांगेन.

आता खरा प्रश्न. ही झीज नुसती वयाची, की मागे आणखी काही आहे? वयाची झीज साधारण दोन्ही बाजूंना सारखी असते आणि सावकाश होते. काकू चालताना डावा हात थोडा तरी हलत होता, उजवा पोटाशी धरल्यासारखा, अजिबात नाही. अंगठा आणि तर्जनी भरभर टेकवायला सांगितलं तर डाव्या हाताने मंद, उजव्याने पहिल्या पाच-सहा वेळा बरं आणि मग अंतर कमी कमी होत जवळजवळ थांबलंच. उजवं मनगट मी हलवून बघितलं तर दातेरी चाकासारखं अडकत अडकत फिरत होतं. हे सार्कोपेनियात होत नाही. नुसता मसल कमी झालाय तर हात ढिला, मऊ लागतो, ताकद कमी लागते, पण अडकत नाही आणि हालचाल प्रत्येक वेळी लहान होत जात नाही.

इथं थोडं विषयांतर, पण उपयोगी आहे. म्हाताऱ्या माणसाचे पाय बारीक झाले की मागे पार्किन्सन्सच असेल असं नाही. एकाच हाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलाय, कातडीखाली स्नायू आपोआप फडफडतायत, बोलणं किंवा गिळणं बिघडतंय, तर वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्टकडे, कारण मोटर न्यूरॉनचा आजार असा सुरू होऊ शकतो. पाय ताठ, चालताना तोल जातो, हाताने शर्टाची बटणं लावता येत नाहीत, तर मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबलेला असू शकतो. डायबिटीसवाल्यांच्या तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा, त्यांच्या नसाच खराब झालेल्या असतात. मांड्या आणि खांदेच जास्त कमजोर, तर डी जीवनसत्त्व, थायरॉईड, कोलेस्टेरॉलची गोळी, फार दिवस चाललेलं स्टेरॉईड हे सगळं बघावं लागतं. आपल्याकडे हे सगळं "वय झालं" मध्ये जातं.

काकूंची गोळ्यांची पिशवी मी पलंगावर ओतली. हे मी प्रत्येक नव्या घरी करते. बीपीची गोळी, डायबिटीसची मेटफॉर्मिन, कॅल्शियम, आणि दोन पट्ट्या अशा की त्या बघून मी लगेच मुलाला हाक मारली. वर्षभरापूर्वी काकूंना चक्कर यायला लागली म्हणून जवळच्या डॉक्टरांनी सिनारिझिन दिली होती, आणि ॲसिडिटी-गॅससाठी एक कॅप्सूल ज्यात लेव्होसल्पिराइड मिसळलेलं होतं. दिली होती थोड्या दिवसांसाठी. बरं वाटलं म्हणून तीच चिठ्ठी केमिस्टकडे दाखवून वर्षभर चालू राहिली. या दोन्ही औषधांनी मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालीचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडतं आणि बऱ्याच दिवसांनी, विशेषतः वयस्कर लोकांत, हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र तयार होतं, चेहरा कोरा, चाल बारीक, अंग ताठ. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, चक्करीवरची प्रोक्लोरपेराझिन आणि फ्लुनारिझिन हीसुद्धा याच जातीची. सुनेने बरोबर सांगितलं, "गेल्या वर्षीपासून एकदमच मंदावल्या, त्याआधी नुसतं हळू करायच्या." मी स्वतः औषध बंद करत नाही, तो माझा अधिकार नाही, पण घरच्यांना पिशवी सकट न्यूरो ओपीडीत जायला सांगितलं आणि माझं मोजमाप एका कागदावर लिहून दिलं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या न्यूरोलॉजिस्टनी काकूंना सावकाश तपासलं, भिशीची वहीसुद्धा बघितली. त्यांनी आधी त्या दोन गोळ्या बंद केल्या आणि लगेच पार्किन्सन्सचं औषध दिलं नाही. घरच्यांना हे पटत नव्हतं, आजार कळलाय तर गोळी का नाही. पण कारण पक्कं होतं. गोळीमुळे झालेला मंदपणा गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो, आणि मागे काय उरतं त्यावरून कळतं की आतमध्ये खरा आजार होता का. रक्त तपासणीत बी 12 आणि डी दोन्ही कमी निघाले, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी 12 कमी होणं नेहमीचंच, त्यात काकूंनी मासे-मटण काका गेल्यावर हळूहळू सोडलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. शिवाय झोपून आणि उभं राहून बीपी घेतलं तेव्हा उभं राहिल्यावर वरचा आकडा 132 वरून 106 वर आला. 20 किंवा त्याहून जास्त पडला तर तो दोषच, आणि हीच ती "चक्कर" जिच्यासाठी वर्षभर चुकीची गोळी पोटात जात होती. बीपीच्या गोळीचा डोस कमी केला, उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून पाय हलवायचे आणि मग उभं राहायचं हे ठरलं. चक्कर बरीच कमी झाली.

साधारण तीन महिन्यांनी डावी बाजू जवळजवळ मोकळी झाली. चेहऱ्यावर हसू परत आलं, नातीने तेव्हाचा फोटो मला पाठवला होता. उजवी बाजू मात्र तशीच. म्हणजे आत खरा पार्किन्सन्स होताच, आधीपासून, अक्षर त्याचीच साक्ष देत होतं, आणि त्या गोळ्यांनी त्याला उघड्यावर आणलं आणि वाढवून दाखवलं. मग लेव्होडोपा-कार्बिडोपा ही पार्किन्सन्सची नेहमीची गोळी कमी डोसने सुरू झाली आणि उजव्या हाताने तिला साथ दिली.

घरच्यांना वाटलं आता झालं, गोळी मिळाली. इथंच मला जास्त बोलावं लागलं, कारण लेव्होडोपाने हालचालीचा हुकूम मेंदूतून नीट सुटतो, पण गेलेला मसल ती गोळी परत आणत नाही. काकूंची पोटरी 29 चीच होती.

मसल आणि नस यांचं नातं नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पाठीच्या कण्यातली एकेक चेतापेशी स्नायूंच्या शेकडो तंतूंना सांभाळते, एका सबस्टेशनवरून कितीतरी घरांना वीज जावी तशी. साठीनंतर या चेतापेशी कमी होत जातात. एक गेली की शेजारची तिच्या अनाथ तंतूंपर्यंत आपल्या फांद्या पोचवते आणि त्यांना जगवते, पण याला मर्यादा असते, काही तंतू तसेच राहतात आणि सुकतात. आणि जास्त करून सुकतात ते जलद तंतू. हेच तंतू पाय घसरला की झटकन दुसरं पाऊल पुढे टाकायला लागतात, त्यामुळे सार्कोपेनियात माणूस नुसता कमजोर होत नाही, सावरायला उशीर करतो. पार्किन्सन्समध्ये बिघाड मुख्यतः वर, मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागात असतो, कण्यातल्या पेशी बऱ्याचशा शाबूत असतात. पण वरून हुकूमच लहान आणि उशिरा येतो म्हणून स्नायू पूर्ण ताकदीने कधी वापरलाच जात नाही, पावलं छोटी, उठणं टाळलेलं, जिना टाळलेला. वास नाही म्हणून जेवणाची गोडी नाही, चावायला-गिळायला वेळ लागतो, पोट सावकाश रिकामं होतं म्हणून दोन घासांत भरल्यासारखं वाटतं. मसल झिजायला यापेक्षा जास्त काय हवं? आणि मसल झिजला की हालचाल आणखी कमी, पडायची भीती, म्हणून बाहेर जाणं बंद. दोन्ही आजार एकमेकांना खायला घालतात.

उलट्या दिशेनेही नातं आहे असं दिसतंय. काम करणारा स्नायू आयरिसिनसारखी रसायनं रक्तात सोडतो आणि त्यांचा मेंदूवर चांगला परिणाम होतो, पण यातलं बरंच काम उंदरांवरचं आहे, म्हणून मी पेशंटला "व्यायामाने मेंदूचा आजार थांबतो" असं कधीच सांगत नाही. माणसांवरचं मला भरवशाचं वाटणारं काम म्हणजे शिकागोतला 2013 चा अभ्यास, 48 पार्किन्सन्सच्या पेशंटपैकी अर्ध्यांना 2 वर्षं वाढत्या वजनांचे व्यायाम दिले, बाकीच्यांना स्ट्रेचिंग-बॅलन्सचे, आणि दोन वर्षांनी गोळी न घेतलेल्या अवस्थेतसुद्धा वजनवाल्यांची हालचाल जास्त चांगली होती. वजन या शब्दाला आपली म्हातारी माणसं आणि त्याहून जास्त त्यांची मुलं घाबरतात. त्यांना मी 1990 चा बोस्टनचा प्रयोग सांगते, नर्सिंग होममधली नव्वदीची माणसं, 8 आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम, आणि ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. मग बहात्तर म्हणजे काय!

काकूंचा व्यायाम घरातल्याच वस्तूंवर बसवला. उंच केलेल्या खुर्चीवरून उठणं-बसणं, उठताना जोरात, बसताना सावकाश, आठवडे गेले तशी गोधडीची एकेक घडी काढत गेलो. ते जमल्यावर छातीशी तांदळाची एक किलोची पिशवी, मग दोन किलो. गॅलरीचा कठडा धरून टाचा उचलणं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतर, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. आठवड्यातून तीन दिवस हे, बाकीचे दिवस चालणं. शेवटची दोन-तीन खरंच कठीण वाटली पाहिजेत, नाहीतर मसल वाढत नाही, हे मी सुनेला दहा वेळा तरी सांगितलं असेल कारण ती मायेने "पुरे आता, दमल्या" म्हणायची. वेळ गोळी घेतल्यावर तासाभराची, तेव्हा अंग मोकळं असतं. शेजारच्यांनी तेल मालीशवाली बाई सुचवली, ती येऊदे, अंगाला बरं वाटतं, पण मालीशने मसल बनत नाही, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

चालण्यासाठी वेगळी युक्ती लागली. दारातून बाहेर पडताना काकूंचे पाय जमिनीला चिकटायचे, आत वळताना तर हमखास. पार्किन्सन्समध्ये आतून येणारा ठेका बिघडतो पण बाहेरून दिलेला ठेका पाय पकडतात. काकू पूर्वी आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात चालत जायच्या, म्हणून त्यांना "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत, एकेका शब्दावर एकेक मोठं पाऊल टाकायला लावलं, आणि गॅलरीतल्या लाद्यांच्या रेषा ओलांडायच्या. पहिल्याच दिवशी फरक दिसला. सहा मीटरमध्ये पावलं कमी झाली, म्हणजे प्रत्येक पाऊल मोठं झालं. मेट्रोनोमचं ॲपही चालतं, पण काकूंना फोनच्या टिकटिकीपेक्षा हे जवळचं.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते जेवणाला. काकूंचा दिवस म्हणजे सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा-बटर, रात्री अर्धी पोळी-भाजी किंवा नुसता दूधभात. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरले की महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. मोजलं तर दिवसाला 28-30 ग्रॅम. वयस्कर माणसाला किलोमागे निदान 1 ते 1.2 ग्रॅम हवं, आजारपणात त्याहून थोडं जास्त, म्हणजे काकूंना 50-55 ग्रॅम. किडनी ठीक आहे का ते क्रिएटिनिनवरून बघून, डॉक्टरांना विचारून वाढवलं. दोन अंडी म्हणजे 12-13 ग्रॅम, आमटी दाट, दह्याची वाटी, फुटाण्याचं पीठ ताकात, शेंगदाण्याचं कूट. बोंबील-सुकट पुन्हा सुरू करायचं का हे मी विचारायला बिचकत होते, काका गेल्यावर सोडलेलं म्हणजे त्यामागे भावना असते. काकू स्वतःच म्हणाल्या, "अगं, त्यांनाच जास्त आवडायचं, मी कशाला सोडलं तेच आठवत नाही." उपास त्यांनी सोडले नाहीत, मी सोडा म्हटलंही नाही, फक्त त्या दिवशी साबुदाण्याबरोबर दाणे, दही, दूध, पनीर घ्यायचं ठरलं.

आणि इथंच पेच. लेव्होडोपा आणि प्रोटीनमधली अमिनो ॲसिडं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना एकाच दाराने जातात, दोन्ही एकदम आली तर गोळी मागे पडते. म्हणजे मसलसाठी जे पाहिजे तेच गोळीच्या आड येतं. काही घरांत हे अर्धवट ऐकून पेशंटचं दूध-अंडी-डाळ सगळं बंद करतात आणि माणूस आणखी वाळतो, हे मी बघितलंय आणि याचा मला खरंच संताप येतो. उत्तर वेळेत आहे. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर तासा-दीड तासाने, मळमळलं तर गोळीबरोबर थोडे कुरमुरे. प्रोटीन दिवसभरात वाटून. पुढे कधी गोळीचा असर मधेच तुटायला लागला तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून जास्त प्रोटीन रात्रीकडे ढकलू शकतात, काकूंना अजून त्याची गरज पडली नाही. लोहाची गोळीसुद्धा लेव्होडोपाच्या सोबत घ्यायची नाही. आणखी एक, खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं होतं. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ते लपून चालू ठेवायचं नाही, चूर्णात किती आहे ते कळत नाही आणि गोळीवर गोळी होते. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी थांबवलं.

सहा महिन्यांनंतरचे आकडे. वजन 49. पाच वेळा उठबस 15 सेकंद, तीही गोधडीशिवाय. पकड 14 किलो. सहा मीटर साडेसात सेकंदांत. पोटरी 30. निकषांच्या हिशोबाने काकू अजूनही सार्कोपेनियातच आहेत, पोटरी तर जेमतेम सरकली, ताकद आधी वाढते आणि आकार मागून, कारण सुरुवातीची सुधारणा बरीचशी नसांची असते, झोपलेल्या तंतूंना पुन्हा कामाला लावायची. पण काकू आता दिवसातून एकदा खाली उतरून स्वतः वर येतात, भाजी स्वतः निवडून घेतात, आणि भिशीचा हिशोब मोठ्या चौकटींच्या वहीत सुरू आहे. मधल्या काळात पडल्या नाहीत. आवाज मात्र बारीक होत चाललाय, गॅलरीतून हाक मारली तर पोचत नाही, त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलंय. सुनेला एकटीने सगळं ओढू नये म्हणून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या सपोर्ट ग्रुपचा पत्ता दिला, ही संस्था 2001 पासून मुंबईत काम करते, तिथं व्यायामही होतात आणि घरच्यांशीही बोलतात.

आता नवीन गोष्ट अशी की चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. काही महिन्यांत सगळे संक्रमण शिबिरात, तिथं लिफ्ट आहे, संडास घरात. मुलगा खूश आहे आणि पडण्याच्या दृष्टीने मीही खूश आहे, संडासात दोन बाजूंना हँडल आणि उंच कमोड आधीच सांगून ठेवलंय. पण ज्या जिन्याने काकूंना इतका त्रास दिला त्याच जिन्याने मांड्यांना रोजचं काम दिलं होतं आणि गॅलरी होती म्हणून चालणं होतं, ते दोन्ही एका दिवसात जाणार. म्हणून सुनेबरोबर बसून आत्ताच ठरवलंय, सकाळी लिफ्टने खाली जायचं आणि नातीबरोबर दोन मजले चढून मग वर लिफ्ट घ्यायची, संध्याकाळी मजल्यावरच्या पॅसेजमध्ये खडूने रेषा मारून फेऱ्या, आणि तांदळाची पिशवी आता तीन किलोची करायची.